वीज गेली तरी वेळ कशी टिकते?

१२ ऑक्टोबर २०२० रोजी कळवा-पडघा ४०० केव्ही वाहिन्यांत बिघाड झाला आणि मुंबई-ठाण्यातली वीज गेली. ठाणे असो वा कल्याण-डोंबिवली, वीज गेली की कुंड्यांना ठरल्या वेळी पाणी सोडणारा घरगुती आर्डुइनो बंद पडतो. वीज परतल्यावर किती वाजले, हे त्याला कळत नाही. म्हणून त्याला डीएस३२३१ ही घड्याळाची चिप जोडतात. वीज नसताना ती बटन सेलवर चालते. तिला जेमतेम १ ते ३ मायक्रोअँपिअर प्रवाह लागतो. त्यामुळे सुमारे २२० मिलिअँपिअर-तास क्षमतेचा सीआर२०३२ सेल कित्येक वर्षे पुरतो.

धोका वेगळाच आहे. या चिपच्या स्वस्त झेडएस-०४२ मॉड्यूलवर सेल चार्ज करण्यासाठी एक डायोड आणि २०० ओहमचा रेझिस्टर असतो. सीआर२०३२ मात्र चार्ज होणारा सेल नाही. मॉड्यूलला ५ व्होल्ट दिले, की या ३ व्होल्टच्या सेलमध्ये सतत प्रवाह शिरतो. त्यामुळे सेल फुगू किंवा गळू शकतो. चार्ज होणारा एलआयआर२०३२ लावला, तरी त्याची ४.२ व्होल्टची मर्यादा ओलांडली जाऊ शकते.

उपाय सोपा आहे: तो रेझिस्टर किंवा डायोड काढून टाकावा आणि सीआर२०३२ वापरावा. किंवा मॉड्यूल ३.३ व्होल्टवर चालवावे. मग सेल चार्ज होण्याइतका दाबच उरत नाही.