सातबाऱ्याची झेरॉक्स की नुसता गट नंबर? पायथनमधल्या ‘कॉपी’बद्दल

माझ्या पीएचडीचा विषय एका वाक्यात सांगायचा तर, यवतमाळ जिल्ह्यातल्या कोरडवाहू कपाशीला पावसाच्या खंडाचा किती फटका बसतो हे संगणकावर मोजणं. त्यात एक काम सारखं करावं लागतं. मूळ परिस्थिती घ्यायची, तिची प्रत काढायची, प्रतीत काहीतरी बदलायचं आणि दोन्हींची तुलना करायची. यातली ‘प्रत काढायची’ ही पायरी सगळ्यात सोपी वाटते. आज तिच्याबद्दलच बोलू.

समजा, ‘मूळ’ नावाची एक डिक्शनरी आहे. तिच्यात जिल्ह्याचे १६ तालुके. प्रत्येक तालुक्याच्या आत जून ते सप्टेंबर अशा १२२ दिवसांच्या पावसाची लिस्ट आणि जमिनीची माहिती. आता तुम्ही लिहिता:

प्रयोग = मूळ

(पायथन ३ मध्ये नावं देवनागरीत चालतात, करून बघा.) इथे प्रत निघालीच नाही. एकाच वस्तूला दोन नावं मिळाली. ‘प्रयोग’मध्ये वणीचा ऑगस्टमधला पाऊस शून्य केला की ‘मूळ’मध्येही तो शून्य.

हे डोक्यात बसवायला सातबारा बरा पडतो. जूनमध्ये काढलेली सातबाऱ्याची झेरॉक्स तुमच्या घरी आहे. नंतर फेरफार होऊन त्यावर बँकेचा बोजा चढला, तरी तुमच्या कागदावर काही उमटत नाही. ही झाली मूल्याने घेतलेली प्रत. उलट, चिठ्ठीवर नुसता गट नंबर लिहून ठेवलात, तर जेव्हा शोधाल तेव्हा ताजी नोंद दिसेल. हा झाला संदर्भ. दोन्ही उपयोगाचे आहेत. हातात काय आहे ते माहीत पाहिजे एवढंच.

खरी गंमत आठ-अ मध्ये आहे. आठ-अ वर खातेदाराचे त्या गावातले गट एकत्र दिसतात, पण कोणत्या गटात काय पेरलंय, बोजा कोणाचा, हे त्यात नसतं; त्यासाठी गट नंबर धरून सातबारा काढावा लागतो. आता आठ-अ ची झेरॉक्स काढा. त्यावरचा एखादा गट पेनाने खोडला तर मूळ आठ-अ तसाच राहील. पण त्या गटाच्या सातबाऱ्यावरच बदल झाला, तर मूळ आठ-अ वरून जा की झेरॉक्सवरून, पोचाल त्याच बदललेल्या नोंदीवर. पायथनची साधी कॉपी अशीच उथळ असते. बाहेरची डिक्शनरी नवी, आतले तालुके तेच. म्हणून ‘प्रयोग’मधून पुसद काढून टाकला तर ‘मूळ’ला धक्का लागत नाही, पण पुसदचा पाऊस बदलला तर लागतो. चाचणी म्हणून तालुका काढून बघणारा माणूस इथेच निर्धास्त होतो.

यात प्रोग्राम बंद पडत नाही, लाल अक्षरांत काही येत नाही, हे जास्त वाईट. ऑगस्टमध्ये २० दिवसांचा खंड टाकलात आणि मग दोन्ही परिस्थिती चालवल्या, तर फरक येईल शून्य. खंडाने कपाशीला काहीच होत नाही असा निष्कर्ष आमच्या भागात कोणालाही दाखवा, हसतील, आणि चूक सापडेल. पण पेरणी आठ दिवस पुढे ढकलण्याचा प्रयोग असेल तर? ‘फारसा फरक नाही’ हे उत्तर पटण्यासारखं असतं, आणि तसंच ते पेपरात जातं. मूळचं उत्तर आधीच काढून ठेवलं असेल तर पहिला प्रयोग बरोबर येतो, दुसऱ्यात पहिल्याचा खंड उरलेला असतो, आणि पन्नासाव्यापर्यंत चांगलं वर्षसुद्धा दुष्काळाचं झालेलं असतं.

उपाय म्हणजे खोल प्रत, पायथनचं डीपकॉपी. ते आतपर्यंत जाऊन प्रत्येक लिस्ट नवी बनवतं. मेमरी किती लागेल म्हणून बरेच जण कचरतात. हिशोब करू: १६ गुणिले १२२ म्हणजे १,९५२ आकडे. नमपायच्या ॲरेत ८ बाइटचा एक आकडा धरला, तर हजार प्रयोगांच्या प्रती मिळून साधारण १५६ लाख बाइट. मोबाइलमधल्या चार-पाच फोटोंएवढं! एवढ्यासाठी संदर्भाची जोखीम घेण्यात अर्थ नाही.

आर मधून पायथनकडे येणाऱ्यांनी जास्त जपावं. आर मध्ये साध्या लिस्टची प्रत बदलली की मूळ शाबूत राहतं. ती सवय इथे नडते. नमपायमध्ये ॲरेचा तुकडा कापला तरी तो मूळचाच भाग असतो. आणि शून्यांची एक लिस्ट दुसऱ्या लिस्टमध्ये ठेवून त्या बाहेरच्या लिस्टला १६ ने गुणलं, तर सोळाही तालुक्यांना तीच एक लिस्ट मिळते: वणीत पडलेला पाऊस उमरखेडातही पडतो.

डीपकॉपीचीही एक खोच आहे. समजा, काळ्या जमिनीची माहिती एकदाच लिहून ती दहा तालुक्यांना जोडली आहे. डीपकॉपी हे नातं ओळखतं आणि नव्या प्रतीतही त्या दहांना मिळून एकच जमीन देतं. ‘मूळ’ सुरक्षित राहतं, पण ‘प्रयोग’मध्ये फक्त राळेगावच्या जमिनीची खोली कमी करायला गेलात तर बाकीच्या नऊ तालुक्यांचीही होते. तिथे राळेगावला आधी स्वतःची वेगळी जमीन बनवून द्यावी लागते, आणि मगच खोली बदलायची.