आयकॉन हलले की हरवले? (लेखांक ६)

गेल्या लेखांकात आपण विंडोज १० वरून ११ वर जाण्याची तयारी केली. बॅकअप घेतला, डिस्कवर जागा मोकळी केली, लॅपटॉपला चार्जर लावून ठेवला. अपग्रेड पार पडतं, संगणक सुरू होतो आणि बघावं तर डेस्कटॉप ओळखू येत नाही. उजव्या कोपऱ्यातलं ‘सोसायटी हिशेब’ डावीकडच्या रांगेत जाऊन बसलेलं, ‘लग्नाचे फोटो’ तर दिसतच नाही. छातीत धस्स होतं ते इथे.

अशा वेळी आधी एवढंच बघा : आयकॉन नुसते हललेत की दिसेनासे झालेत?

हलले असतील तर निर्धास्त राहा. फाइल डिस्कवर असते. तिचं चित्र पडद्यावर कुठे दिसावं याची नोंद विंडोज रजिस्ट्रीत वेगळी ठेवतं. पहिलीला धक्का न लागता दुसरी बिघडू शकते. अपग्रेडच्या धामधुमीत ग्राफिक्सचा नेहमीचा ड्रायव्हर कधी कधी बाजूला पडतो आणि ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ नावाचा कामचलाऊ ड्रायव्हर कारभार बघतो. मग १९२० बाय १०८० चा पडदा १०२४ बाय ७६८ वर येऊ शकतो. डावीकडून पंधराशेव्या पिक्सेलवर असलेल्या आयकॉननं जायचं कुठे? विंडोज त्याला मिळेल त्या रिकाम्या जागेत सरकवतं. पुढे खरा ड्रायव्हर येतो, पडदा पुन्हा ऐसपैस होतो, पण सरकवलेले सगळे घरी परततातच असं नाही.

यात मी एकदा चांगलाच फसलोय. रविवारची अख्खी सकाळ खर्चून चाळीसेक आयकॉन ओळीनं लावले. मंगळवारी ग्राफिक्सचा ड्रायव्हर घातला आणि सगळे पुन्हा पांगले. घाई माझीच होती. म्हणून आधी विंडोज अपडेटमध्ये काही बाकी आहे का ते बघून उरकून घ्या. मग डेस्कटॉपवर राइट-क्लिक, ‘डिस्प्ले सेटिंग्ज’. रिझोल्यूशन ‘रेकमेंडेड’ असं लिहिलेलं निवडा आणि स्केल पूर्वी होतं तितकंच ठेवा. लॅपटॉपवर बहुधा १२५ किंवा १५० टक्के असतं.

आता मांडणी. पुन्हा राइट-क्लिक, ‘व्ह्यू’. तिथे ‘ऑटो अरेंज आयकॉन्स’पुढे खूण असेल तर ती काढा. ती असेपर्यंत आयकॉन कुठेही ओढून न्या, बोट उचललं की पठ्ठ्या पुन्हा रांगेत. त्याखालचं ‘अलाइन आयकॉन्स टू ग्रिड’ मात्र राहू द्या, ते फक्त जवळच्या चौकटीत नीट बसवतं. आयकॉन अवाढव्य दिसत असतील तर कंट्रोल दाबून माउसचं चाक फिरवा. आणि लावून झाल्यावर संगणक रीतसर रीस्टार्ट करा. पॉवरचं बटण दाबून धरलंत तर नव्या जागांची नोंद व्हायची राहून जाऊ शकते.

दिसेनासे झाले असतील तर त्याच ‘व्ह्यू’मध्ये ‘शो डेस्कटॉप आयकॉन्स’ चालू आहे ना, ते बघा. फक्त ‘धिस पीसी’ नसेल तर सेटिंग्जमध्ये ‘पर्सनलायझेशन’, ‘थीम्स’, ‘डेस्कटॉप आयकॉन सेटिंग्ज’. तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये साइन-इन झाल्याची सूचना आली असेल, तर तिथे काहीही सेव्ह करू नका. आधी रीस्टार्ट करा.

बहुतेक वेळा गोम असते वनड्राइव्हमध्ये. सेटअपच्या वेळी ‘बॅकअप’ला हो म्हटलं की डेस्कटॉप फोल्डरचा पत्ताच बदलतो आणि तो वनड्राइव्हच्या फोल्डरात जातो. पुढे तो बॅकअप बंद केला की जुन्या पत्त्यावरचा डेस्कटॉप रिकामा दिसू शकतो. फाइल एक्स्प्लोररमध्ये वनड्राइव्ह उघडा, त्यातलं ‘डेस्कटॉप’ बघा. ‘लग्नाचे फोटो’ बहुधा तिथेच सापडतील. सापडेपर्यंत वनड्राइव्हमधलं काहीही डिलीट करू नका.

ज्यांचं अपग्रेड अजून व्हायचंय त्यांनी आजच सगळ्या खिडक्या मिनिमाइज करून विंडोज आणि प्रिंट स्क्रीन ही बटणं एकत्र दाबावीत. डेस्कटॉपचा फोटो ‘पिक्चर्स’मधल्या ‘स्क्रीनशॉट्स’ फोल्डरात पडेल. तो मोबाइलवर पाठवून ठेवा.