‘ऑर्डर’ शब्दाची उकल

‘ऑर्डर’ हा शब्द आपल्या बोलण्यात इतका रुळला आहे, की तो परका वाटतच नाही. साहेबाची ऑर्डर निघते, बदलीची ऑर्डर हाती पडते, हॉटेलात आपण चहाची ऑर्डर देतो. गिरणगावातून गावी जाणाऱ्या मनिऑर्डरीवर एके काळी कोकणातल्या कित्येक घरांच्या चुली पेटत. या साऱ्या ठिकाणी अर्थ एकच : एकाने सांगावे, दुसऱ्याने करावे. म्हणजे हुकूम.

माझे शिक्षण सातवीवर थांबले. इंग्रजी शिकलो ते नोटिसा आणि निवाडे वाचता वाचता. कारखान्याच्या दाराशी काचेच्या चौकटीत ‘स्टँडिंग ऑर्डर्स’ लावलेल्या असत. ‘उभ्याने ऐकायचे हुकूम’ असा मी त्याचा अर्थ लावला होता. श्रोतेहो, हसू नका. आमच्या खात्यात तसे समजणारे पुष्कळ होते.

पुढे शब्दकोश हाती आला, तेव्हा निराळीच हकीकत कळली. मूळ लॅटिन शब्द ‘ऑर्डो’. त्याचा अर्थ ओळ, रांग, क्रम. कोशकार त्याचे नाते विणकामाशी, मागावर उभे धागे मांडण्याशी जोडतात. वार्पिंग खात्यात ज्याने उमेदवारी केली, त्याला हे फोड करून सांगायला नको. फणीतून ओवताना एक धागा शेजाऱ्याच्या जागी गेला, तर दोष सबंध ताग्यावर उतरतो. या ओळीवरून सैन्यातली रांग आली, मग समाजातल्या पायऱ्या आल्या. ‘सबॉर्डिनेट’ म्हणजे ओळीत खालचा. हुकूम हा अर्थ इंग्रजीत बराच मागाहून आला. आपण मात्र धाकटा भाऊ घरात घेतला आणि थोरला बाहेरच ठेवला.

स्टँडिंग ऑर्डर्स, म्हणजे स्थायी आदेश, यांत हा थोरला अर्थ जिवंत आहे. १९४६ च्या केंद्रीय कायद्याने शंभर किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांना ते लागू केले. पाळी, रजा, पगाराचा दिवस, उशिरा येणे, गैरवर्तन, बडतर्फी यांचे नियम आधी लिहावयाचे. मसुद्यावर कामगारांचे म्हणणे ऐकावयाचे. मग सरकारी अधिकाऱ्याने प्रमाणित करावयाचे. १९५६ पासून ते नियम न्याय्य आहेत की नाहीत, हेही तो पाहू लागला. म्हणजे हा ताणा एकदा मांडला की मालकही त्याने बांधला गेला. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने शंभराची ही मर्यादा तीनशेवर नेली. लहान कारखान्यांतील कामगारांचे यात काय झाले, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

याच कुळातला दुसरा शब्द ‘ऑर्डिनरिली’. आपण त्याचे भाषांतर ‘सामान्यतः’ असे करतो आणि फसतो. औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली कामगार-कपातीची कलमे घातली गेली. त्यांतील २५-जी कलमाप्रमाणे, वेगळा करार नसेल तर, त्या वर्गात शेवटी लागलेल्या माणसाला ‘ऑर्डिनरिली’ आधी कमी करावयाचे.

एका कारखान्यात अकरा वर्षांच्या नोकरीचा फिटर कमी केला आणि तीन वर्षांचा ठेवला. मॅनेजर मला म्हणाले, “कायदा सामान्यतः म्हणतो, नेहमी म्हणत नाही.” मी म्हटले, “साहेब, पुढची ओळ वाचा. क्रम मोडायचा तर कारणे नोंदवावी लागतात. तो कागद दाखवा.” कागद नव्हता. ज्येष्ठतेची यादी सात दिवस आधी फलकावर लावावयाची, तीही लावलेली नव्हती. ‘ऑर्डिनरिली’चा अर्थ ‘ठरलेल्या ओळीप्रमाणे’. ओळ सोडणाराने कारण द्यावे, हे त्यांना समेट अधिकाऱ्यापुढे मान्य करावे लागले.

फिटर आठ महिन्यांनी कामावर परत आला. तोवर त्याने मुलाची शाळा सोडवली होती आणि बायकोच्या पाटल्या गहाण टाकल्या होत्या. पाटल्या पुढे दोन वर्षांनी सुटल्या.