गाव तिथंच, पत्ता बदलला

१ मे १९८१ रोजी रत्नागिरीचा दक्षिण भाग वेगळा काढून सिंधुदुर्ग जिल्हा झाला आणि विजयदुर्गातल्या घराघराचा पत्ता बदलला. चिरा एकही हलला नव्हता. ‘मु. पो. विजयदुर्ग, ता. देवगड’ इथवर सगळं तेच, पुढचं ‘जि. रत्नागिरी’ तेवढं चुकीचं ठरलं. जुना जिल्हा लिहिलेलं पाकीट हाती पडलं तरी पोस्टमन ते बरोबर घरी टाकेल. संगणकाकडे हा समजूतदारपणा नसतो, म्हणून फाइलचा पूर्ण पत्ता कुठे लिहावा आणि कुठे लिहू नये, हे कळायला हवं.

फाइलच्या पत्त्याला ‘पाथ’ म्हणतात. टपालाचा पत्ता आपण घरापासून जिल्ह्याकडे लिहितो. संगणक आधी जिल्हा सांगतो, मग तालुका, शेवटी घर. मधे तिरकी रेघ असते. ती युनिक्समध्ये एका बाजूला झुकलेली, तर विंडोजमध्ये दुसऱ्या, याचं कारण मजेशीर आहे. विंडोजच्या आधीच्या डॉसच्या पहिल्या आवृत्तीत फोल्डर नव्हतेच, आणि साधी रेघ आज्ञांचे पर्याय लिहिण्यात खर्ची पडली होती. १९८३ साली डॉस २.० मध्ये फोल्डर आले तेव्हा त्यांच्या वाट्याला उलटी रेघ आली. पत्ता मात्र काटेकोर हवा. ‘विजयदुर्ग’चं ‘विजयदूर्ग’ झालं तर मास्तर अर्धा गुण कापतील. संगणकाच्या लेखी ती दोन निरनिराळी फोल्डरं. शिवाय लिनक्समध्ये एका नावाला सहसा २५५ बाइटांची मर्यादा असते आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. ‘विजयदुर्ग’ वाचताना पाच अक्षरं, पण वेलांटी, उकार, हलन्त धरून चिन्हं ९, म्हणजे २७ बाइट.

आता समजा, विजयदुर्गचा किल्ला पाहायला येणाऱ्यांना खोल्या देणाऱ्या घरात बिलं करायचा एक छोटा प्रोग्राम आहे. तो दरपत्रकाच्या फाइलीतून भाव उचलतो आणि त्या फाइलीचा अख्खा पत्ता त्याच्या पोटात कोरलेला आहे, त्यात जुन्या संगणकावरच्या युजरचं नावसुद्धा. नवा संगणक आला, दरपत्रक नीट कॉपी झालं, तरी बिल निघत नाही. प्रोग्राम अजून ‘जि. रत्नागिरी’तच शोधतोय. यावर साधा उपाय म्हणजे जवळचा पत्ता: ‘माझ्या शेजारच्या फोल्डरात’. दोन टिंबं म्हणजे एक पायरी वर. गावातल्या गावात घर विचारताना जिल्हा कोण सांगतो? दुसरा उपाय एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलचा. बदलणारा भाग प्रोग्रामबाहेर ठेवायचा, त्याला नाव द्यायचं आणि प्रोग्रामनं त्या नावानं विचारायचं. युनिक्सच्या १९७९ च्या सातव्या आवृत्तीत ही सोय आली. ‘होम’ हे नाव सगळीकडे तेच. उत्तर ज्याच्या त्याच्या घराचं.

यावर आक्षेप असा, की कोरलेला पत्ता निदान डोळ्यांना दिसतो, व्हेरिएबल दिसत नाही. आक्षेप खोटा नाही. ‘पाथ’ याच नावाच्या व्हेरिएबलमध्ये फोल्डरांची यादी असते. नुसतं आज्ञेचं नाव दिलं की लिनक्स ती यादी डावीकडून चाळतो आणि पहिला सापडेल तो प्रोग्राम चालवतो. यादीत आधी येणाऱ्या फोल्डरात कुणी त्याच नावाचा भलता प्रोग्राम ठेवला, तर तोच चालेल. त्यामुळे यंत्रणेच्या नाजूक कामांत आज्ञेचा पूर्ण पत्ता देणंच शहाणपणाचं, हे मला मान्य आहे. पण तो आज्ञेचा पत्ता. माणसाच्या घरचा नव्हे. दुसरी फसगत अधिक नेहमीची: प्रोग्राम सुरू होताना त्याच्या हाती व्हेरिएबलांची नक्कल पडते. नंतर तुम्ही मूळ बदललंत तरी चालू प्रोग्राम जुनीच नक्कल वाचत राहतो. लोक सेटिंगला दोष देतात. खरं तर खिडकी बंद करून पुन्हा उघडायची असते.

आणि पत्ते बदलणारच असतील, तर जुने पुसायची घाई कशाला? १७५६ मध्ये इंग्रजांनी जिंकलेला हा किल्ला त्यांच्या कागदांत ‘घेरिया’ आहे. ते कागद चाळणाऱ्याला ‘घेरिया म्हणजेच विजयदुर्ग’ हे मनात धरावं लागतं. संगणकात त्यासाठी लिंक असते. जगाच्या वेळांच्या यादीत भारतीय वेळेचं नाव ‘एशिया/कलकत्ता’चं ‘एशिया/कोलकाता’ झालं, पण जुनं नाव लिंक म्हणून शिल्लक ठेवलं आहे. एखादा जुना प्रोग्राम अजूनही कलकत्त्याची वेळ विचारतो आणि त्याला बरोबर उत्तर मिळतं.