मुरुड शोधले, समुद्र सापडला!

फुकटात मिळणाऱ्या संगणकसेवांची परीक्षा आपल्याच गावावर घ्या

इंटरनेटवरील शोधयंत्राला नुसते ‘मुरुड’ एवढेच विचारले, तर पडद्यावर बहुधा समुद्रकिनारा, नारळाची झाडे आणि जंजिऱ्याचा किल्ला अवतरतो. रायगड जिल्ह्यातील हे मुरुड पर्यटकांचे लाडके. दुसरे मुरुड रत्नागिरी जिल्ह्यात दापोलीजवळ, महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे गाव म्हणून ओळखले जाणारे. कधीकधी तर कर्नाटकातील मुरुडेश्वरही मध्येच डोकावते. लातूर-बार्शी रस्त्यावरील, बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेले लातूर तालुक्यातील मुरुड मात्र या गर्दीत मागे पडते. यात शोधयंत्राचा तसा दोष नाही. ज्या गावाविषयी अधिक लोकांनी लिहिले, अधिक छायाचित्रे टाकली, ते गाव पुढे येते.

मोफत संगणकसेवांच्या याद्या इंटरनेटवर आणि मोबाइलवर सतत फिरत असतात. ‘ही पन्नास संकेतस्थळे तुम्हाला ठाऊक हवीतच’ अशा थाटाच्या या याद्या वाचून करमणूक होते. पण दुसऱ्या दिवशी त्यांतले एकही नाव आठवत नाही. कारण साधे आहे. आपला स्वतःचा प्रश्न घेऊन बसल्याशिवाय कोणते साधन कामाचे आणि कोणते नुसते शोभेचे, हे कळत नाही. म्हणून या लेखात मुरुड आणि लातूर परिसराचे काही खरे प्रश्न घेऊन काही मोफत साधने तपासली आहेत. वाचकांनी मुरुडच्या जागी आपल्या गावाचे किंवा पेठेचे नाव घालून पाहावे.

गाव नकाशावर आणा

‘ओपनस्ट्रीटमॅप’ हा जगाचा नकाशा २००४ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झाला. विश्वकोशातील नोंदी जशा विकिपीडियावर कोणीही लिहू शकतो, तसाच हा नकाशा कोणीही दुरुस्त करू शकतो. मोफत खाते उघडावे, आपल्या गावाचा भाग मोठा करावा आणि सुटलेली गल्ली, विहीर, शाळा, दवाखाना नोंदवावा. ठिकाणाचे नाव मराठीत लिहिण्याची स्वतंत्र सोय त्यात आहे. या नकाशाची माहिती इतर अनेक संस्था आणि मोबाइलमधील उपयोजने वापरतात. त्यामुळे एका माणसाने अर्धा तास खर्चून घातलेली भर अनेकांच्या उपयोगी पडते.

सारख्या नावांच्या गोंधळावर भारतीय टपाल खात्यानेही एक तोड काढली आहे. २०२५ मध्ये खात्याने ‘डिजिपिन’ ही सेवा सुरू केली. देशाच्या भूभागाचे सुमारे चार मीटर लांबी-रुंदीचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनाला दहा अक्षरांकांचा संकेत दिला आहे. घरासमोर उभे राहून हा संकेत काढून ठेवला, तर रुग्णवाहिकेला किंवा सामान पोचवणाऱ्याला ‘मारुतीच्या पारापासून डावीकडे’ असे सांगत बसावे लागत नाही. मात्र हा संकेत जागेचा असतो, माणसाचा नव्हे. पिन कोडची जागाही तो घेत नाही.

किल्लारीची तारीख एक दिवस मागे का?

लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत ३० सप्टेंबर १९९३ ही तारीख कोणाला सांगावी लागत नाही. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या संकेतस्थळावर जगभरातील भूकंपांची सूची मोफत पाहता येते. तारीख, नकाशाचा चौकोन आणि तीव्रता दिली की यादी समोर येते. पण किल्लारीसाठी ३० सप्टेंबर ही तारीख घातली, तर ६.२ तीव्रतेचा तो भूकंप सापडणार नाही. तो २९ सप्टेंबरच्या खाली नोंदलेला आहे.

ही चूक नव्हे. ही सूची जागतिक प्रमाणवेळेनुसार असते आणि ती वेळ आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे चालते. आपल्याकडे पहाटेचे चार वाजत आले होते, तेव्हा त्या घड्याळात आदल्या रात्रीचे साडेदहा वाजायचे होते. परदेशी संकेतस्थळावरील कोणतीही तारीख-वेळ वाचताना हा साडेपाच तासांचा फरक ध्यानात ठेवावा. परीक्षेच्या अर्जाची किंवा स्पर्धेची शेवटची मुदत पाहतानाही तो उपयोगी पडतो.

याच संकेतस्थळावर ‘तुम्हाला धक्का जाणवला का?’ असा एक अर्ज आहे. भांडी हलली का, माणसे बाहेर पळाली का, असे साधे प्रश्न त्यात असतात. लोकांच्या उत्तरांवरून धक्क्याच्या परिणामाचा नकाशा तयार होतो. लहान धक्क्यांसाठी मात्र आपल्या राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राचे संकेतस्थळ पाहावे. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी हिंगोली, नांदेड, परभणी परिसराला ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, त्यासारख्या घटनेनंतर मोबाइलवर अफवांचा पूर येतो. अशा वेळी अधिकृत सूची उघडून पाहायला दोन मिनिटे पुरतात. ‘आज रात्री पुन्हा भूकंप होणार’ असा संदेश आल्यास तो पुढे पाठवू नये. भूकंपाची वेळ आधी सांगणारे साधन, मोफत किंवा विकतचे, जगात कोठेही नाही.

एक गुंठ्याचा ठिपका

युरोपच्या ‘कोपर्निकस ब्राऊझर’ या संकेतस्थळावर सेंटिनेल-२ उपग्रहांनी टिपलेली छायाचित्रे विनामूल्य पाहता येतात. यातील पहिला उपग्रह जून २०१५ मध्ये अवकाशात गेला. आता साधारण दर पाच दिवसांनी एकाच जागेचे नवे चित्र मिळते. चित्रातील सर्वांत लहान ठिपका जमिनीवर दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद असतो. म्हणजे शंभर चौरस मीटर, आपल्या भाषेत जवळजवळ एक गुंठा! एकरभर शेत पडद्यावर चाळीस ठिपक्यांचे दिसते.

या साधनाची ताकद पाहायची असेल, तर केज तालुक्यातील धनेगाव येथील मांजरा धरणाचे एप्रिल २०१६ मधील चित्र काढावे. लातूर शहराला पाणी पुरवणारे हे धरण तेव्हा कोरडे पडले होते. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पहिली पाणी-रेल्वे दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन लातुरात पोचली. त्याच वर्षीच्या पावसाळ्यानंतरचे चित्र शेजारी ठेवले, की टंचाई म्हणजे काय आणि पाऊस म्हणजे काय, हे आकडेवारीशिवाय कळते. शाळेतील भूगोलाच्या तासाला यापेक्षा बोलके चित्र मिळणे कठीण.

चित्रांचे रंग बदलून पिकांची हिरवाई दाखवण्याची सोयही येथे आहे. शेतातील एखादा पट्टा शेजारच्या पट्ट्यापेक्षा सतत फिका दिसत असेल, तर तिथे जाऊन पाहण्यासारखे काही आहे एवढे कळते. रोग कोणता, पाणी कमी की खत कमी, हे उपग्रह सांगत नाही. शिवाय ऐन पावसाळ्यात ढगांमुळे आठवडेच्या आठवडे चित्र पांढरे येते, हेही लक्षात ठेवावे.

सातबारा आणि चावडी

शहरात नोकरीस असलेल्या आणि गावी थोडीफार जमीन असलेल्या वाचकांसाठी राज्य शासनाचे ‘महाभूलेख’ हे संकेतस्थळ सर्वांत उपयुक्त ठरावे. तेथे जिल्हा, तालुका, गाव आणि गट क्रमांक दिला की सातबारा विनामूल्य पाहता येतो. हा उतारा केवळ माहितीसाठी असतो. बँकेत किंवा कचेरीत चालणारा, डिजिटल स्वाक्षरी असलेला उतारा हवा असल्यास अल्प शुल्क भरावे लागते.

याहून कमी लोकांना ठाऊक असलेली सेवा म्हणजे ‘आपली चावडी’. तलाठ्याच्या चावडीवर पूर्वी जी नोटीस डकवली जाई, ती येथे पडद्यावर दिसते. आपल्या गटावर कोणता फेरफार प्रस्तावित आहे, हे गावी न जाता कळते. हरकत घेण्यासाठी पंधरा दिवसांची मुदत असते आणि ती उलटून गेल्यावर कळले, तर पुढे धावपळ आलीच. महिन्यातून दोनदा हे पान उघडून पाहण्याची सवय अनेक तंटे वेळीच उजेडात आणू शकेल. नावात साम्य असलेली खासगी संकेतस्थळेही शोधात पुढे येतात. पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ आहे ना, एवढे पाहूनच माहिती भरावी.

फाइल जाते कोठे?

प्रवेश आणि भरतीचे अर्ज भरताना विद्यार्थ्यांना छायाचित्र अमुक केबीच्या आत, स्वाक्षरी तमुक केबीच्या आत, अशी अट घातलेली असते. मग शोधयंत्रात मिळेल त्या संकेतस्थळावर आधार कार्ड, गुणपत्रिका आणि जातीचे प्रमाणपत्र चढवून ते लहान करून घेतले जाते. काम होते, परंतु ती कागदपत्रे एका अनोळखी संगणकावर जाऊन पडतात.

याला पर्याय आहेत. ‘स्क्वूश’ हे साधन छायाचित्र लहान करते आणि ‘फोटोपी’ हे छायाचित्रांवर जवळजवळ सर्व संस्कार करू देते. ही दोन्ही साधने आपल्या ब्राऊझरमध्येच काम करतात. फाइल बाहेर जात नाही. एखाद्या नव्या संकेतस्थळाची परीक्षा घेण्याची एक सोपी युक्ती आहे. पान पूर्ण उघडल्यावर इंटरनेटची जोडणी बंद करावी आणि मग फाइल निवडावी. काम झाले, तर ते आपल्याच संगणकावर झाले. फाइल उतरवून घेऊन ते पान बंद करावे आणि मगच जोडणी पुन्हा सुरू करावी. काम अडले, तर फाइल बाहेर जाणार होती असे समजावे. महत्त्वाच्या कागदांसाठी ‘लिबरऑफिस’सारखी मोफत प्रणाली संगणकावर उतरवून घेणे अधिक चांगले.

संशयास्पद फाइल तपासण्यासाठी ‘व्हायरसटोटल’ ही सेवा आहे. २००४ मध्ये स्पेनमध्ये सुरू झालेली ही सेवा २०१२ पासून गुगलकडे आहे. एकच फाइल ती अनेक विषाणूरोधक प्रणालींकडून तपासून घेते. लग्नपत्रिका किंवा वाहतूक दंडाची पावती म्हणून मोबाइलवर येणारी एपीके फाइल उघडण्याऐवजी काढून टाकणेच योग्य. पण शंका असलेला दुवा येथे तपासता येतो. एक पथ्य मात्र पाळावे. येथे चढवलेल्या फाइली सुरक्षा-अभ्यासकांना पाहता येतात, म्हणून आपली खासगी कागदपत्रे येथे तपासायला टाकू नयेत. आपला ई-मेल पत्ता कोणत्या माहितीचोरीत उघड झाला आहे, हे ‘हॅव आय बीन पोन्ड’ हे २०१३ पासूनचे संकेतस्थळ सांगते. पैशांची फसवणूक झालीच, तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर कळवावे. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता अधिक.

थोडी गंमतही

सगळेच उपयोगाचे असावे असे नाही. ‘रेडिओ गार्डन’ या २०१६ च्या डच उपक्रमात पृथ्वीचा गोल फिरवून हिरव्या ठिपक्यावर आलो, की त्या शहरातील आकाशवाणी केंद्र ऐकू येते. ‘अर्थ नलस्कूल’वर जगभरचे वारे रेषांनी वाहताना दिसतात, नैर्ऋत्य मोसमी वारे अरबी समुद्रावरून येताना पाहण्याजोगे असतात. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ मोफत चाळता येतो. आजीच्या तोंडचा एखादा विसरलेला शब्द तेथे शोधून पाहावा.

‘सनकॅल्क’ हे साधन कोणत्याही जागी सूर्य केव्हा, कोणत्या दिशेला असेल ते दाखवते. घराच्या छतावर सौरपट्ट्या बसवण्यापूर्वी ते जरूर पाहावे. दोन्ही मुरुडे येथे ताडून पाहिली तर मौज वाटते. रायगडचे मुरुड आणि लातूरचे मुरुड जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. फरक आहे तो सव्वातीन अंशांच्या आसपास रेखांशाचा. त्यामुळे लातूरच्या मुरुडात सूर्य सुमारे तेरा मिनिटे आधी उगवतो. आणि समुद्राचे म्हणाल, तर ‘अँटिपोड मॅप’वर आपल्या पायाखाली पृथ्वीच्या पलीकडे काय आहे ते दिसते. लातूरच्या मुरुडातून आरपार बोगदा खणला, तर तो दक्षिण पॅसिफिक महासागरात निघेल. समुद्र या मुरुडालाही आहे, फक्त पाताळात!

फुकट, पण कायमचे नव्हे

मोफत साधन वापरण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत. माझी फाइल कोठे जाते? आणि याचा खर्च कोण करते? खर्च शासन, विद्यापीठ किंवा देणग्या करीत असतील तर गोष्ट वेगळी. जाहिराती करीत असतील, तर आपली माहिती हीच किंमत असू शकते. कोणीच करीत नसेल, तर ती सेवा एक दिवस बंद पडणार हे गृहीत धरावे.

असे अनेकदा घडले आहे. घरोघरच्या हौशी संकेतस्थळांना जागा देणारे ‘जिओसिटीज’ २००९ मध्ये बंद झाले, ‘गुगल रीडर’ २०१३ मध्ये, एके काळी तरुणाईने डोक्यावर घेतलेले ‘ऑर्कुट’ २०१४ मध्ये आणि वाचायचे लेख साठवणारे ‘पॉकेट’ २०२५ मध्ये. बंद पडलेल्या संकेतस्थळांची काही पाने ‘आर्काइव्ह डॉट ऑर्ग’च्या ‘वेबॅक मशीन’मध्ये अजून सापडतात. १९९६ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेचे यंत्र २००१ पासून सर्वांना खुले आहे. आपल्या गावाविषयीचे एखादे पान, एखादी बातमी किंवा शासनाची सूचना महत्त्वाची वाटली, तर तिचा पत्ता तेथे देऊन ते पान जतन करण्याची विनंती आपणही करू शकतो. आपले स्वतःचे लेखन आणि छायाचित्रे मात्र दुसऱ्याच्या भरवशावर न ठेवता, एक प्रत घरातील डिस्कवर ठेवावीच.

शोधयंत्रात लातूरचे मुरुड मागे पडते, कारण त्याच्याविषयी इंटरनेटवर कमी लिहिले गेले आहे. ही उणीव भरून काढण्याची साधने आता विनामूल्य आहेत आणि मराठीत चालतात. येत्या रविवारी नकाशावर आपल्या गावची एक गल्ली आणि मराठी विकिपीडियावरील गावाच्या नोंदीत एक खात्रीचे वाक्य, एवढी भर प्रत्येकाने घातली, तरी पुढच्या वेळी ‘मुरुड’ शोधणाऱ्याला समुद्राबरोबर लातूर-बार्शी रस्त्यावरची बाजारपेठही दिसेल.