अदृश्य कणांची मोजदाद

हडपसरच्या शाळेतील बाकावर तळहात पसरून पाहा. एका मिनिटात सुमारे शंभर म्यूऑन त्यातून आरपार जातात! विश्वकिरण वातावरणावर आदळले, की उंचावर हे कण जन्मतात. ते दिसत नाहीत, की टोचत नाहीत. मग ते मोजायचे कसे?

धातूच्या नळीत आर्गॉन वायू भरून मध्यभागी एक बारीक तार ताणतात आणि तारेला उच्च धन विद्युत् दाब देतात. नळीतून जाणारा भारित कण वाटेतील अणूंमधून इलेक्ट्रॉन सोडवितो. यालाच आयनीकरण म्हणतात. दहा सेंटिमीटर आर्गॉन ओलांडताना म्यूऑन असे जवळजवळ हजार इलेक्ट्रॉन मोकळे करतो. परंतु त्यांचा एकूण भार अत्यल्प असतो.

खरी करामत तारेजवळ घडते. बारीक तारेलगत विद्युत् क्षेत्र फार तीव्र असते. तेथे इलेक्ट्रॉन इतका वेग घेतो, की धडकेसरशी अणूतून दुसरा इलेक्ट्रॉन बाहेर काढतो. एकाचे दोन, दोनाचे चार. दहा पिढ्यांत हजारावर! कोसळत्या दरडीसारखी ही वाढ होते आणि मोजता येईल असा विद्युत् स्पंद मिळतो. आर्गॉनमध्ये मिसळलेला थोडा मिथेन अतिनील प्रकाश शोषून ही दरड आवरतो.

दाब बेताचा असेल, तर स्पंद मूळ इलेक्ट्रॉनांच्या प्रमाणात असतो. हे प्रमाणी गणित्र. दाब आणखी वाढविला, तर दरड तारेभर पसरते आणि सगळे स्पंद सारखेच येतात. हे १९२८ मधील गायगर-म्यूलर गणित्र. ते कण आल्याची वर्दी देते. त्याने किती ऊर्जा सोडली, हे सांगत नाही.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने उटी येथे 'ग्रेप्स-३' प्रयोगात सहा मीटर लांबीची ३,७१२ प्रमाणी गणित्रे चार थरांत मांडली आहेत. कोणत्या थरातील कोणती नळी बोलली, यावरून म्यूऑनची दिशाही कळते. १ डिसेंबर २०१४ रोजी वादळ आले, तेव्हा एका दिशेने येणारे म्यूऑन सुमारे १८ मिनिटे दोन टक्क्यांनी घटले. ढगातील विद्युत् क्षेत्राने काहींची ऊर्जा कमी केली होती. या घटीवरून ढगातील विद्युत् दाब काढला, तो १३० कोटी व्होल्ट निघाला! हा निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. विमान किंवा फुगा ढगातील आपल्या वाटेपुरतेच मोजतो; म्यूऑन मात्र अख्खा ढग भेदून येतात. त्यांची साक्ष नोंदविली, ती वायूने भरलेल्या साध्या नळ्यांनी.