बढती घ्यायची की नाही? आधी हिशेब मांडा

गणपतीपुळे-मालगुंड परिसरातल्या बौद्धवाड्यांतली अनेक मुले-मुली हॉटेल, रिसॉर्टमध्ये कामाला आहेत. काही जण जिल्हा परिषदेत, बँकेत आहेत. बढती आली की लगेच होकार द्यायचा, ही आपली रीत. कष्टाने मिळालेली पायरी सोडवत नाही, हे खरेच. तरीही आमचे म्हणणे आहे की होकार देण्याआधी वही-पेन घेऊन बसा.

पहिला हिशेब पैशाचा. समजा, रूमबॉयला 15,000 रुपये पगार आहे आणि तो 26 दिवस रोज 8 तास काम करतो. महिन्याला 21 तास ओव्हरटाइम, दुप्पट दराने सुमारे 3,000 रुपये. म्हणजे 229 तासांचे 18,000. सुपरवायझर झाल्यावर पगार 19,000, पण ओव्हरटाइम बंद आणि काम रोज 10 तास. म्हणजे 260 तास. पगार हजाराने वाढला, पण तासाची कमाई 79 वरून 73 रुपयांवर आली.

दुसरा हिशेब कायद्याचा. औद्योगिक संबंध संहिता 2020 नुसार देखरेखीचे काम करणारा आणि महिना 18,000 रुपयांपेक्षा जास्त वेतन घेणारा माणूस 'कामगार' या व्याख्येत बसत नाही. उद्या कामावरून काढले, तर कामगाराला मिळणारे संरक्षण त्याला मिळत नाही. मात्र नुसत्या पदनामाने हे ठरत नाही, प्रत्यक्ष काम काय करता ते पाहिले जाते. म्हणून कामाचे स्वरूप, पगार, तास आणि साप्ताहिक सुट्टी लेखी मागून घ्या.

तिसरा हिशेब वेळेचा. मे महिन्यात पुळ्याला पर्यटकांची गर्दी असते आणि बुद्ध पौर्णिमाही बहुधा त्याच महिन्यात येते. जबाबदारीच्या जागेवरच्या माणसाला तेव्हा रजा मिळणे कठीण. विहारातला अभ्यासवर्ग, घरातले म्हातारे आईवडील, मुलांचे शिक्षण यांतले काय मागे पडेल, ते घरच्यांसोबत बसून ठरवा. पावसाळ्यात बदली रजा मिळेल का, हेही आधीच विचारा.

सरकारी नोकरीत गणित वेगळे आहे. आश्वासित प्रगती योजनेत 10, 20, 30 वर्षांच्या सेवेनंतर वरची वेतनश्रेणी मिळते. तो लाभ आधीच घेतला असेल, तर प्रत्यक्ष बढतीत पगार फारसा वाढत नाही, बदली मात्र होऊ शकते. पण बढती नाकारली तर या योजनेच्या लाभावर परिणाम होतो. म्हणून नकार लिहून देण्याआधी आस्थापना शाखेत नियम वाचून घ्या.

आणि शेवटचा हिशेब समाजाचा. पदोन्नतीतील आरक्षणासाठी 1995 साली 77व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद 16(4-क) आला. महाराष्ट्राचा 25 मे 2004 चा शासन निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने 4 ऑगस्ट 2017 रोजी रद्द ठरवला. 7 मे 2021 च्या शासन निर्णयाने पदोन्नतीची पदे सेवाज्येष्ठतेने भरायचे ठरले. वरच्या खुर्च्यांवर आपली माणसे पोहोचण्याची वाट अशी अरुंद होत असताना प्रत्येक नकाराची किंमत समाजही मोजतो. सही करणारा, भरती करणारा, तक्रार ऐकून घेणारा माणूस आपला असणे ही छोटी गोष्ट नाही.

मात्र खुर्ची हे साधन आहे. हिंदू कोड बिल बाजूला पडल्यावर बाबासाहेबांनी 27 सप्टेंबर 1951 रोजी केंद्रीय कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला. ज्या कामासाठी पद, ते काम होत नसेल तर पद सोडता येते, हे त्यांनी दाखवून दिले. आणि 18 मार्च 1956 रोजी आग्र्यात त्यांनी शिकलेल्या, नोकरदार वर्गाबद्दल खंत व्यक्त केली, ती पद घेऊन समाजाकडे पाठ फिरवणाऱ्यांबद्दल.

म्हणून स्वतःला विचारा: या पदावर बसून मला असे काय करता येईल, जे आज करता येत नाही? उत्तर ठोस असेल तर थोडा तोटा सोसूनही बढती घ्या. उत्तर नुसते 'मान वाढेल' एवढेच असेल, तर लेखी अटी बदलून मागा. त्या मिळाल्या नाहीत, तर नम्रपणे नाही म्हणा. विचार करून दिलेल्या नकारात कमीपणा नाही.

जय भीम!